'सरलॉइन'चा अर्थ सांगताना या चुका टाळा

स्टेकसाठी, म्हणजे भाजायच्या जाड तुकड्यासाठी, वापरल्या जाणाऱ्या 'सरलॉइन' या गोमांसाच्या कटाला हे नाव कसे पडले, असे विचारले की हमखास एक गोष्ट ऐकायला मिळते: भोजनावर खूश झालेल्या इंग्लंडच्या राजाने तलवार उपसून ताटातल्या मांसालाच 'सर' हा किताब बहाल केला. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी नावे वाचत आलेल्या मराठी वाचकाला ती चटकन पटते, आणि पहिली चूक तेथेच होते.

कोणी हे श्रेय आठव्या हेन्रीला देतात, कोणी पहिल्या जेम्सला, तर कोणी दुसऱ्या चार्ल्सला. एकच किस्सा तीन राजांच्या नावावर खपतो तेव्हा कालक्रम तपासावा. इंग्रज इतिहासकार थॉमस फुलर यांनी १६५५ मध्ये तो हेन्रीच्या नावे नोंदवला, तेव्हा हेन्रीच्या मृत्यूला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती आणि चार्ल्सला इंग्लंडची गादी मिळायला अजून पाच वर्षे होती. जेम्स त्या गादीवर १६०३ मध्ये आला. शब्द मात्र सोळाव्या शतकातच इंग्रजीत वापरात होता. कोशाचा आधारही येथे पुरत नाही, कारण सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या कोशातही 'सर' या नोंदीखाली हीच कथा विराजमान आहे.

खरे मूळ जुन्या फ्रेंचमधील 'स्युरलाँज' हे आहे: 'स्युर' म्हणजे वर आणि 'लाँज' म्हणजे कंबरेकडचा भाग. इंग्रजीत सुरुवातीला 'एस'नंतर 'यू' लिहीत. पुढे ओळखीच्या 'सर'च्या प्रभावाने तेथे 'आय' आला. ही सरळसरळ लोकव्युत्पत्ती (अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देणे) असल्यामुळे आजचे स्पेलिंग कथेचा पुरावा म्हणून पुढे करू नये.

नाव एक म्हणून मांसही एकच, हे गृहीत धरणे ही स्वयंपाकघरातली चूक. ब्रिटनमधील सरलॉइन फासळ्यांच्या मागे, पाठीवरून काढतात, तर अमेरिकेतील त्याच्याही मागे, पुठ्ठ्याच्या बाजूने. ब्रिटिश खाटीक त्याला साधारणपणे 'रम्प' म्हणेल. म्हणून ब्रिटिश पाककृती अमेरिकेतील न्यू जर्सीत करणाऱ्याने दुकानात 'स्ट्रिप' (ब्रिटिश सरलॉइनचे तेथील नाव) मागावे. तेथील सरलॉइन आणून तितकाच वेळ तव्यावर ठेवला, तर चरबी कमी असल्याने तो चिवट होण्याची शक्यता अधिक.