इमारत संहिता बदलली, आता शाळेच्या फायर अलार्मचे काय करावे?

नागपुरातील अनेक शाळा एका दमात बांधलेल्या नाहीत. आधी चार खोल्या, मग वरचा मजला, पुढे पटसंख्या वाढली तेव्हा गच्चीवर पत्रे टाकून काढलेले दोन वर्ग, अशी इमारत वाढत जाते. फायर अलार्म मात्र ज्या वर्षी बसवला त्या वर्षीच्या नकाशापुरताच राहतो. ‘आमची इमारत जुनी आहे, तिला नवा नियम लागत नाही,’ असे संस्थाचालकांकडून मी वारंवार ऐकले आहे. महाराष्ट्रात हा समज धोक्याचा आहे.

भारतीय मानक ब्यूरोची राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे इमारतींच्या बांधकामाचे व सुरक्षेचे निकष, ही स्वतःहून बंधनकारक नसते. राज्याचा कायदा तिला बळ देतो. आपल्याकडे ते काम महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ करतो. त्याच्या तिसऱ्या कलमात २००५ ची संहिता ‘वेळोवेळी सुधारल्याप्रमाणे’ पाळण्याची जबाबदारी मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष जागा वापरणारा) या दोघांवर टाकली आहे. म्हणून २०१६ मध्ये संहितेची नवी आवृत्ती आली तेव्हा शाळांनाही आपली व्यवस्था तिच्याशी ताडून पाहणे भाग झाले, आणि पुढच्या प्रत्येक सुधारणेच्या वेळी तेच करावे लागेल. भाड्याच्या इमारतीत शाळा चालवणाऱ्यांनी ‘भोगवटादार’ हा शब्द विशेष लक्षात ठेवावा.

ताडून पाहायचे म्हणजे संहितेचा चौथा भाग उघडायचा. तो आग व जीवसुरक्षेचा आहे. त्यात शैक्षणिक इमारतींचा गट ‘बी’ असून उच्च माध्यमिकपर्यंतच्या शाळा ‘बी-१’ मध्ये, तर इतर प्रशिक्षण संस्था ‘बी-२’ मध्ये येतात. कोणत्या इमारतीत हाताने चालवायचा अलार्म लागतो आणि कोठे धूर किंवा उष्णता ओळखणारी स्वयंचलित यंत्रणा लागते, हे वापर, उंची आणि आकारमान यांवरून ठरते. उंचीत १५ मीटरची रेषा सर्वांत महत्त्वाची, कारण २०१६ च्या संहितेनुसार तेथून इमारत ‘उंच इमारत’ (हाय-राइज) धरली जाते. म्हणून आधी मंजूर नकाशा काढावा, तो हातात घेऊन इमारतीत फिरावे आणि नकाशात नसलेली प्रत्येक खोली लाल पेनाने दाखवावी. वापराचीही तशीच नोंद करावी. सभागृह लग्नसमारंभाला दिले जात असेल तर तो वापर जमावाच्या इमारतींचा, म्हणजे ‘डी’ गटाचा आहे. आवारात वसतिगृह असेल तर त्याला निवासी गटाचे निकष लागतात आणि तेथे झोपलेल्या मुलांना जागे करील असा आवाज लागतो. वाढीव मजला किंवा वापरातील बदल ठरवण्याआधीच, राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आणि संहिता दोन्ही पाहून, महापालिकेच्या अग्निशमन विभागाचा सल्ला घ्यावा. बांधून झाल्यावर वायरिंगसाठी भिंती फोडणे महागात पडते.

यानंतर यंत्रणेकडे वळावे. अलार्म कसा निवडावा, बसवावा आणि सांभाळावा याचे मानक आयएस २१८९ हे आहे. त्यातील आवाजाची अट नागपुरात फार गांभीर्याने घ्यावी लागते: हूटरचा, म्हणजे अलार्मच्या भोंग्याचा, आवाज किमान ६५ डेसिबल किंवा भोवतालच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल अधिक, यांपैकी जे जास्त असेल तेवढा हवा. एका शाळेत मार्चअखेरीस आगीच्या वेळी बाहेर पडण्याची कवायत पाहायला मी गेलो होतो. जिन्याजवळचा हूटर कानठळ्या बसवत होता, पण मागच्या पत्र्याच्या वर्गात दोन मोठे कूलर पूर्ण वेगाने चालू होते आणि तेथील बाई फळ्यावर शांतपणे गणित सोडवत होत्या. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते. यंत्रणेची चाचणी मात्र डिसेंबरात, कूलर बंद असताना, उत्तीर्ण झाली होती. तेव्हापासून मी प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगतो की चाचणी दारे लावून आणि कूलर चालू ठेवूनच घ्या, आणि अलार्मचा आवाज तासाच्या घंटेहून स्पष्ट वेगळा ठेवा. त्याच दिवशी मुख्य वीज बंद करून अलार्मचे नियंत्रण पॅनेल बॅटरीवर चालते का हेही पाहावे.

डिटेक्टरची जागा ठरवतानाही स्थानिक परिस्थिती पाहावी. पोषण आहाराची खिचडी शिजते त्या खोलीत धुराचा डिटेक्टर लावला तर फोडणी पडताच तो वाजतो, आठवडाभरात शिपाई त्याला पिशवी बांधतो आणि खरी आग लागली तरी तो गप्पच राहतो. तेथे उष्णतेचा डिटेक्टर योग्य. मात्र मे महिन्यात पत्र्याखाली साचणारी उष्णता लक्षात घेऊन तो किती तापमानाला वाजावा हे निवडण्यास यंत्रणा बसवणाऱ्या एजन्सीला सांगावे. स्वयंपाकघर दुय्यम समजू नये. २००४ साली तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली आग गवती छपरात पसरली आणि ९४ मुले दगावली. त्या दुर्घटनेनंतरच्या याचिकेवर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील शाळांना अग्निसुरक्षेचे निर्देश दिले. ती मुले प्राथमिकच्या वर्गांतील होती, ही गोष्ट हे काम करताना माझ्या मनातून जात नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात: यंत्रणा बसवल्यावर परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म ए, म्हणजे यंत्रणा नियमानुसार बसवल्याचे प्रमाणपत्र, आणि त्यानंतर दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये देखभालीचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे जुलैचे प्रमाणपत्र घाईत केवळ सहीपुरते उरकले जाण्याची भीती असते. एजन्सीचा माणूस मुले वर्गात असतानाच बोलवावा, प्रत्येक कॉल पॉइंट, म्हणजे हाताने अलार्म वाजवायचे बटण, त्याच्याकडून दाबून घ्यावा आणि लाल पेनाने दाखवलेल्या खोल्यांत तो आवाज पोहोचतो का, हे तेथे स्वतः उभे राहून ऐकल्यावरच सही करावी.