मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत

एखादी मोठी संख्या हाती आली की ती वर्गसंख्या आहे का, तिला विभाजक किती, असे प्रश्न सुटेसुटे सोडवत बसण्यापेक्षा आधी तिचे मूळ अवयव पाडावेत, कारण बहुतेक उत्तरे त्यांतूनच निघतात. उदाहरणादाखल १,०३,८८,६६४ ही संख्या घेऊ.

शेवटच्या तीन अंकांच्या ६६४ या संख्येला ८ ने नि:शेष भाग जातो, पण शेवटच्या चार अंकांच्या ८६६४ ला १६ ने जात नाही. म्हणजे २ हा अवयव नेमका तीनदा येतो. अंकांची बेरीज ३६ असल्यामुळे ९ ने भाग जातो. ७, ११ आणि १३ यांची कसोटी मात्र एकदमच घ्यावी. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत (लाख-कोटींच्या स्वल्पविरामांकडे येथे दुर्लक्ष करावे) आणि ते आळीपाळीने मिळवावेत व वजा करावेत: ६६४ − ३८८ + १० = २८६. या तिन्ही संख्यांचा गुणाकार १००१, म्हणजे हजारापेक्षा एकाने जास्त, असल्यामुळे ही युक्ती चालते. २८६ ला ११ व १३ ने भाग जातो, ७ ने जात नाही. आपण घेतलेल्या संख्येचेही तसेच.

८, ९, ११ आणि १३ ने भागल्यावर १००९ उरते. ३२ चा वर्ग १०२४ असल्याने ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे. १९ आणि ५३ यांचा गुणाकार १००७ येतो, त्यामुळे क्षणभर आशा वाटते. पण एकानेही भाग जात नाही आणि १००९ मूळ ठरते.

आता २ चा घातांक ३, ३ चा २ आणि ११, १३, १००९ यांचा प्रत्येकी १ आहे. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते: ४ × ३ × २ × २ × २ = ९६. सर्व घातांक सम नसल्यामुळे ही वर्गसंख्या नव्हे; खरे तर ८ ने भाग जातो व १६ ने जात नाही, एवढ्यावरूनच ते सांगता आले असते.

विभाजकांची बेरीज १५ × १३ × १२ × १४ × १०१०, म्हणजे ३,३०,८७,६०० येते. यातील १५ म्हणजे १ + २ + ४ + ८ आणि १३ म्हणजे १ + ३ + ९. उरलेल्या अवयवांत केवळ एक मिळवला आहे. त्यातून संख्या स्वतः वगळली तरी २,२६,९८,९३६ उरतात, जे तिच्या दुपटीहूनही अधिक आहेत. म्हणून ती विपुल संख्या, म्हणजे स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज स्वतःपेक्षा जास्त असलेली संख्या, होय. बेरीज संख्येइतकीच आली असती तर तिला परिपूर्ण म्हटले असते.

द. रा. कापरेकर यांनी नाव दिलेल्या हर्षद संख्यांतही ती बसते, कारण अंकांच्या बेरजेने, म्हणजे ३६ ने, तिला भाग जातो. मात्र हा गुण दशमान लेखनावर अवलंबून असल्याने त्याला वरील गुणांच्या पंक्तीत बसवू नये.

शेकडो अंकी संख्यांना ही रीत पुरत नाही. संख्या मूळ आहे की नाही हे कार्यक्षमतेने ठरवण्याची खात्रीशीर पद्धत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये दिली, पण ती अवयव सांगत नाही. नेहमीच्या संगणकांसाठी अवयव पाडण्याची तितकी जलद रीत अद्याप कोणाला सापडलेली नाही.