ई-कचऱ्यातून सोने काढताना या चुका टाळा

जुन्या मदरबोर्डातले सोने भट्टीत क्वचितच हरवते. ते हरवते त्याआधी, म्हणजे माल निवडताना, चुकीचे तेजाब (आम्ल) आधी घालताना आणि गाळ निरुपयोगी समजून फेकताना. नागपुरात सीताबर्डीच्या दुरुस्तीच्या दुकानांतून निघालेले सर्किट बोर्ड पुष्कळदा एकाच पोत्यात भरून किलोच्या भावाने विकले जातात, आणि पहिला तोटा तिथेच होतो. रॅमच्या पट्ट्या व प्रोसेसर यांचा भाव निराळा, तर पॉवर सप्लायच्या तपकिरी बोर्डात सोने जवळजवळ नसतेच. पिवळी दिसणारी प्रत्येक पिन सोन्याची नसते. पुष्कळ पिना नुसत्या पितळेच्या असतात, आणि जिथे मुलामा खरा असतो तिथेही त्याची जाडी बहुधा एका मायक्रोमीटरच्या आतबाहेर असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डाख (सोल्डर) न काढता, तांबे विरघळवण्यासाठी बोर्ड थेट नायट्रिक आम्लात टाकणे. डाखातील कथिलाची नायट्रिक आम्लाशी अभिक्रिया होऊन पातळ साबुदाण्याच्या खिरीसारखा पांढरा, चिकट गाळ तयार होतो. तो गाळणकागदाची छिद्रे बुजवतो आणि सोन्याचे बारीक पापुद्रे स्वतःत अडकवून ठेवतो. म्हणून सोनेरी पट्टी डाखाचा भाग सोडून कातरून वेगळी करावी. ते जमत नसेल, तर आधी कोमट हायड्रोक्लोरिक आम्लात कथील विरघळवून माल पाण्याने पुन्हापुन्हा धुवावा आणि मगच नायट्रिक वापरावे. असा गाळ आधीच झालेला असल्यास तो फेकू नये. धुऊन, वाळवून शुद्धीकरणासाठी बाजूला ठेवावा.

अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) सोने विरघळले, ते खाली बसवण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइट घातले, तरी खाली काहीच बसत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. द्रावणात नायट्रिक आम्ल शिल्लक असते आणि खाली बसू पाहणारे सोने ते पुन्हा विरघळवते. अशा वेळी मेटाबायसल्फाइट वाढवत बसण्यापेक्षा कोमट द्रावणात उरलेले नायट्रिक संपवणारे सल्फॅमिक आम्ल थोडेथोडे घालावे आणि फेस येणे थांबेपर्यंत वाट पाहावी. द्रावणात सोने आहे की नाही हे स्टॅनस क्लोराइडच्या थेंबाने कळते; जांभळा डाग पडला तर आहे. ही चाचणी केल्याशिवाय कोणतेही द्रावण टाकून देऊ नये. तांबे आधी पूर्ण काढलेले नसेल, तर विरघळलेले सोने उरलेल्या तांब्यावर पुन्हा चढते, आणि डाग न दिसल्यामुळे मालातच सोने नव्हते असा गैरसमज होतो. खाली बसलेले सोनेही चकाकत नाही. ते तपकिरी, मातकट दिसते, आणि मूस तापवून वितळवल्यावरच पिवळे होते. इतवारीच्या सराफ्यात टंच (सोन्याची शुद्धता) काढायला नेण्याआधी ही भुकटी अनेकांनी घाण समजून ओतून दिलेली असते.

नागपूरच्या उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत काम करताना कूलर लावला की धूर बाहेर जातो, हा समज धोकादायक आहे. कूलर हवा आत ढकलतो आणि नायट्रिकचा लालसर धूर घरभर फिरवतो. या वायूने फुप्फुसांत पाणी साचते, आणि त्रास कधीकधी काही तासांनंतर सुरू होतो, त्यामुळे तोवर माणूस निर्धास्त राहतो. हे काम धूर ओढून घेणाऱ्या यंत्रणेतच व्हायला हवे. बोर्ड जाळणे तर पूर्ण वर्ज्य समजावे, कारण त्यांतील ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांपासून अत्यंत विषारी वायू तयार होतात.

उरलेले हिरवट तेजाब नालीत गेले की नाग नदीतून कन्हान आणि पुढे वैनगंगेत पोहोचते. लोखंडी भंगार टाकून त्यातले तांबे काढता येते. उरलेले द्रावण मात्र चुन्याने उदासीन केल्यावरही घातक कचराच राहते आणि ते अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यावे लागते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या भंगार व्यावसायिकाने तेजाबाला हात न लावता रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय वेगवेगळे निवडून, प्रत्येकाचे वजन स्वतंत्र लिहून नोंदणीकृत केंद्राला विकावेत.