कलमकारी साडीला लिंबू-व्हिनेगर? या चुका टाळा

गौरीच्या आधी नवी कलमकारी सुती साडी मी मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली होती. रंग पक्का होतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. सकाळी पाहिलं तर काठावरच्या मोरांच्या काळ्याभोर रेषा राखाडी झाल्या होत्या. फार वाईट वाटलं. ते काळं कसं तयार होतं हे मला नंतर कळलं, म्हणून सगळ्यात आधी तेच सांगते.

आंध्रातल्या श्रीकाळहस्तीला कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवतात. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग पसरत नाही. मग गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवून केलेल्या द्रवाने, बांबूच्या कलमाने रेषा काढतात. हे लोखंड हिरड्याला भेटलं की काळं उमटतं. जुन्या शाईचंच हे तंत्र. आंबट पदार्थाने शाई जाते, तशा या रेषाही जातात. म्हणून लिंबू, व्हिनेगर, चिंच यांपैकी काहीही या कापडाला लावू नका.

याच कारणाने लोखंडाची बादली, गंजलेली तार किंवा ओल्या पदराला राहून गेलेली सेफ्टी पिनही नको. हिरडा कापडात असतोच. गंज लागला की तिथे नवा काळा डाग उठतो. तो काढायला लिंबू चोळलं, तर डागासोबत शेजारची नक्षीही जाईल. असा डाग राहू द्यावा.

हळदीकुंकवाला हळद सांडली तर साबण लावू नका. साबणाने हळद लाल होते आणि आपण घाबरून आणखी घासतो. नुसत्या गार पाण्याने धुवा. मग डागाभोवती जाड पंचा घालून तेवढाच भाग उन्हात ठेवा आणि तासाभराने पाहा. हळद उन्हाने उडते. पण साडीतला पिवळाही उन्हाने फिका होतो, म्हणून पंचा हवाच. एरवी वाळवायची ती सावलीतच.

सोड्याच्या पावडरीने मंजिष्ठाचा लाल जांभळट होतो. रिठ्याचं पाणी उत्तम. नव्या कापडाला दुधाचा किंचित आंबूस वास येतो, तो दोष नाही. चार दिवस हवेवर टाका. पहिल्या धुण्यात पाणी तपकिरी झालं तरी घाबरू नका. ब्लाउजपीस मात्र एकदा धुऊनच शिवायला द्या, सुती कापड आटतं.

हे सगळं खऱ्या, हातच्या कलमकारीबद्दल; तिच्याही दोन तऱ्हा. मछलीपट्टणम आणि पेडणाकडची कलमकारी लाकडी ठशांची असते; तिथे ठशांचे सांधे थोडे पुढेमागे दिसतात. श्रीकाळहस्तीची रेष हाताची, कुठे जाड, कुठे बारीक. प्रत्येक फुलात तीच चूक त्याच जागी दिसली आणि सांधेही कुठे हललेले नसले, तर ते बहुधा स्क्रीनचं किंवा मशीनचं छापील कापड. ते कमी पैशांत घ्यायला हरकत नाही, पण हाताच्या कामाची किंमत त्याला देऊ नका.

सण झाल्यावर खळ घालून साडी ठेवू नका, खळीला कसर लागते. मऊ मलमलीत गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला.