अंगावर पांढरे ठिपके दिसले? आधी या चुका टाळा

मुलाच्या गालावर फिकट डाग दिसला की घरातली मोठी माणसं निदान करून मोकळी होतात: "जंत झालेत", नाहीतर "कॅल्शियम कमी पडलंय". गोळ्या संपतात, डाग तसेच. बहुतेक वेळा हा कोरड्या त्वचेचा प्रकार असतो, पिटिरियासिस अल्बा. आजूबाजूची कातडी उन्हाने रापली की तो जास्तच उठून दिसतो. रोज साधं मॉइश्चरायझर लावा, साबण कमी घासा. रंग भरायला काही महिने जातात.

छाती, पाठ, मानेवरचे डाग बहुधा शिबं, म्हणजे बुरशीचे डाग. नखाने हलकेच खरवडून बघा, बारीक कोंडा निघतो. ही बुरशी सगळ्यांच्याच त्वचेवर असते. घाम आणि दमट हवा मिळाली की माजते. कीटोकोनाझोलसारख्या औषधाने ती जातेही, पण पांढरेपणा पुढे कित्येक महिने राहतो. इथेच लोक फसतात. औषध लागू पडलं नाही असं समजून नवं मलम आणतात. कोंडा निघायचा थांबला का, ते बघा. पुढच्या उन्हाळ्यात शिबं परत आली तरी औषधाला दोष देऊ नका, त्यांची खोडच ती.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मेडिकलवाल्याला "डागावर काहीतरी द्या" म्हणणं. मिळालेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी पसरते, कातडी पातळ होते आणि स्टेरॉइडनेच ती जागा फिकट पडते. चेहऱ्यावर तर स्वतःच्या मनाने लावूच नका.

चाळिशीनंतर नडगीवर, हातांवर 2 ते 5 मिलिमीटरचे गुळगुळीत ठिपके येतात. निरुपद्रवी असतात, सोडून द्या. त्यांच्यावर बावचीचं तेल चोळून उन्हात बसलात तर फोड मात्र नक्की येऊ शकतात.

कोडाचा डाग पांढराशुभ्र, कडा ठळक, कोंडा अजिबात नाही. मासे खाऊन दूध प्यायल्याने कोड होत नाही, स्पर्शाने पसरतही नाही. पण लग्नाचं कसं होईल म्हणून डाग लपवण्यात वर्षं घालवली, की उपचार अवघड होत जातात.

फिकट किंवा लालसर चट्ट्यावर डोळे मिटून कापसाचा बोळा फिरवून घ्या. स्पर्श कळला नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं मोफत मिळतात, 6 किंवा 12 महिने घ्यावी लागतात. मात्र स्पर्श कळला म्हणून चट्टा अंगावर काढू नका. चेहऱ्यावर बधिरपणा उशिरा कळतो.