रँक अडकली म्हणून मॅचमेकिंगला शिव्या घालताय? आधी या चुका टाळा

लहानपणी गल्लीत भिडू कसे पाडायचो आठवतंय का? साधारण सारख्या ताकदीची दोन पोरं गळ्यात हात टाकून बाजूला जायची, कानात कुजबुजून एक आंबा व्हायचा एक फणस, आणि परत येऊन कॅप्टनला विचारायचं, "आंबा पायजे का फणस?" शेवटी जे बारकं पोरगं उरायचं ते कच्चं लिंबू. व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच शूटिंग गेमचं मॅचमेकिंग, म्हणजे कोण कोणासोबत आणि कोणासमोर खेळणार ते ठरवणं, यापेक्षा फार वेगळं काही करत नाही, फक्त गल्लीच्या जागी मुंबई सर्व्हर आहे आणि जोड्या कॉम्प्युटर लावतो. तरी रोज रात्री व्हॉइस चॅटवर एकच रडगाणं, "भावा, टीमच बेकार देतंय राव." मी पण रडलोय, खोटं कशाला बोलू, दोन वर्षं गोल्ड आणि प्लॅटिनमच्या मध्ये लोंबकळतोय. त्यातून जे कळलं ते लिहितो.

रँक आणि एमएमआर एकच समजणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच आहे. तुमच्या प्रोफाइलवर दिसते ती रँक, सगळ्यात खालच्या आयर्नपासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, असेंडंट, इमॉर्टल करत सगळ्यात वरच्या रेडियंटपर्यंत, आणि रेडियंट सोडली तर प्रत्येकीचे तीन टप्पे. पण मॅच लावताना गेम बघतो तो लपवलेला आकडा, म्हणजे एमएमआर (मॅचमेकिंग रेटिंग). रँक त्या आकड्याच्या मागे मागे पळत असते. त्यामुळे जिंकल्यावर १५ आरआर (रँकचे पॉइंट) मिळाले आणि हरल्यावर २३ गेले की लोक स्क्रीनशॉट टाकतात, "हा काय न्याय आहे का?" अहो, गेम सांगतोय की तुमची रँक तुमच्या एमएमआरच्या पुढं गेलीय, जरा मागं या. उलटं असेल, जिंकल्यावर २६ आणि हरल्यावर १४, तर गप खेळत राहा, गेमला वाटतंय की तुमची जागा वर आहे. हारजीतीपेक्षा हा फरक बघायची सवय लावा, तुम्ही कुठं चाललाय ते आधी त्यातनं कळतं.

ही आयडिया बुद्धिबळातून आलीय. अर्पाद एलो म्हणून फिजिक्सचे प्राध्यापक होते, त्यांची पद्धत बुद्धिबळाची जागतिक संघटना फिडेने १९७० मध्ये घेतली. त्यात दोघांत २०० पॉइंटचा फरक असला तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के गुणांची अपेक्षा असते. म्हणजे खालच्याला हरवलंत तर गेमला नवीन काहीच कळलं नाही, म्हणून पॉइंट कमी. त्याच्याकडून हरलात तर मात्र कळलं, म्हणून दणका. पुढं मार्क ग्लिकमन यांनी ग्लिको नावाची पद्धत आणली, त्यात रेटिंगवर किती भरवसा ठेवायचा तेही मोजतात, आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल केलं कारण बुद्धिबळात टीम नसते. व्हॅलोरंटच्या आत नेमकं सूत्र काय ते गेम बनवणारी रायट कंपनी उघड करत नाही, पण जात तीच.

"गेम मला मुद्दाम हरवतो"

सलग ५ मॅच हरलो की प्रत्येकाला हे वाटतं. पण तुमचा विनरेट, म्हणजे जिंकायचं प्रमाण, ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर मॅचमेकिंग नीट चाललंय, कारण बरोबरीची माणसं समोर आणणं हेच त्याचं काम आहे. १०० वेळा नाणं उडवा, त्यात कुठंतरी सलग ५ वेळा छापा पडायची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. १०० मॅचमध्ये सलग ५ हारणं म्हणजे कट नाही, नाण्याचा स्वभावच आहे तो.

आणि बेकार टीममेटचं म्हणाल तर साधा हिशोब करा. तुमच्या टीममध्ये तुम्ही सोडून ४ अनोळखी, समोर ५. एएफके जाणारा म्हणजे मॅच अर्धवट सोडून उठणारा, माइकवर बोंबलणारा, अर्धा राउंड नुसता चाकू काढून पळणारा, असला नग पडायच्या जागा समोर एकने जास्त आहेत. अट एवढीच की पाचवा नग तुम्ही नसावं. (माझ्याबाबतीत काही रात्री मीच होतो.)

टिल्टमध्ये "एक लास्ट"

टिल्ट म्हणजे हरून हरून डोकं फिरणं. मागच्या पावसाळ्यात एकदा रात्री ११ ला बसलो, प्लॅटिनम १, पहिली मॅच १३-११ ने गेली. ठीक आहे. दुसरी पण गेली. मग ते "एक लास्ट, मग झोपू" सुरू झालं, टीमशी बोलणं बंद, रागात एकटाच साइटवर घुसतोय, ऑपरेटर ही महागडी स्नायपर बंदूक विकत घेऊन पहिल्याच मिनिटाला मरतोय. पहाटे अडीचला आई पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "कोणाशी भांडतोयस रे?" तेव्हा मी सहावी हरलो होतो आणि गोल्ड ३ ला आलो होतो. गंमत अशी की मॅचमेकिंगला तुम्ही चिडलाय का दमलाय ते दिसत नाही, त्याला दिसतं फक्त की हा माणूस हरतोय, म्हणजे याला जरा खाली ठेवू. दोन हरल्या की उठायचं, हा माझा नियम झालाय आता. डेथमॅच खेळा नाहीतर झोपा.

अकाउंट दुसऱ्याच्या हातात देणं

मे महिन्याच्या सुट्टीत मामेभाऊ आला, वय १२, "दादा एक मॅच दे ना." दिली. एकाच्या आठ झाल्या, त्या पण रँक्डमध्ये, म्हणजे जिथं हारजीत रँकमध्ये धरतात तिथं. पुढचे काही दिवस लॉबी, म्हणजे मॅचला येणारी माणसं, एवढी सोपी होती की मला वाटलं मी सुधारलो, जिंकत गेलो, परत वर आलो आणि परत होतो तिथंच बसलो. म्हणजे मधल्या काळात चार अनोळखी पोरांना माझ्या जागी कच्चं लिंबू मिळालं आणि नंतर समोरच्यांना सिल्व्हरच्या भावात प्लॅटिनम मिळाला. स्मर्फ अकाउंटचं पण हेच. नवीन आयडी काढून रँक्ड उघडायला लेव्हल २० पर्यंत घासायचं आणि परत जुन्याच रँकला येऊन थांबायचं, यात वेळेशिवाय काय जातं? जातं, समोर खरोखर नवीन असलेल्या पोराची मॅच जाते.

बीजीएमआय या मोबाइलवरच्या शूटिंग गेममध्ये वेगळीच फसगत होते. खालच्या टियरमध्ये बॉट, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू, असतात, तिथं १५ किल काढून पोरं स्वतःला प्रो समजतात आणि वरच्या क्राउन टियरला गेल्यावर म्हणतात लॉबी टफ केली. टफ नाही केली, माणसं आली.

डायमंडवाल्या मित्राला धरून वर जायचं

रँक्डमध्ये एकटं, दोघं, तिघं किंवा पाच जण चालतात, चौघं नाही, कारण पाचव्या अनोळखी माणसाचे हाल होतात. रँकमध्ये फार फरक असेल तर पाच जण झाल्याशिवाय क्यूच लागत नाही, म्हणजे मॅच शोधताच येत नाही, आणि तेव्हाही आरआर कापून मिळतो. पण लोक जुगाड करतात, भारी मित्राला त्याच्या खालच्या रँकच्या दुसऱ्या आयडीवरून सोबत खेळवून स्वतःला वर खेचून घेतात. मग मित्र झोपला की एकटे जाता आणि तिथं कोणी तुम्हाला धरून चालत नाही. जिंकल्यावर १४ मिळायला लागतात ते तेव्हा.

पिंग, व्हीपीएन आणि पहाटेचे चार

मॅच लावताना तीन गोष्टींची ओढाताण असते, स्किल, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) आणि किती वेळ थांबायचं. पहाटे ४ ला माणसंच कमी, म्हणून तेव्हा जमेल त्याला जमेल त्याच्यासमोर बसवावं लागतं आणि मॅच १३-३ होतात. सोप्या लॉबीसाठी व्हीपीएन लावून दुसऱ्या देशातून खेळतोय असं दाखवणाऱ्यांनी पिंग तेवढा बघावा, मुंबईचा ३० सोडून बाहेरचा ९० घेऊन कसली लॉबी सोपी होणार. आधी सर्व्हर मुंबईच निवडलाय का ते बघा, मोबाइल हॉटस्पॉट सोडा, वायर लावा.

आता "स्किल बघूच नका, रँडम लावा" म्हणणारे पण आहेत. कॉल ऑफ ड्यूटी या दुसऱ्या शूटिंग गेमवाल्यांनी हे करून बघितलंय, स्किलचं वजन कमी केलं आणि २०२४ मध्ये निकाल छापला. वरचे १० टक्के सोडले तर बाकी ९० टक्के लोक गेमकडे कमी परत यायला लागले. साहजिक आहे, रोज मार खायला कोण येतंय.

कस्टममध्ये टीम पाडताना

कस्टम म्हणजे आपणच टीम पाडून खेळायची मॅच. तिथं दहा मित्र जमले की दोन भारी कॅप्टन आळीपाळीने निवडतात आणि तिथंच मॅच संपते. दहा जणांना ताकदीप्रमाणे १ ते १० नंबर द्या, १ सगळ्यात भारी. आळीपाळीने घेतलं तर एकीकडे १, ३, ५, ७, ९, बेरीज २५, दुसरीकडे ३०, म्हणजे प्रत्येक जोडीत दुसऱ्या टीमला एक नंबर कमजोर. त्यापेक्षा सापासारखं वळवा, १, ४, ५, ८, ९ एकीकडे आणि २, ३, ६, ७, १० दुसरीकडे, २७ आणि २८. पण बेरजेवर पण आंधळा भरवसा नको, एक इमॉर्टल आणि चार सिल्व्हर कागदावर पाच गोल्डला बरोबर दिसतील, खेळात मात्र इमॉर्टल पडला की राउंड संपला. आमच्यात असा एक जण आहे, त्याला आम्ही फक्त शेरीफ नावाचं पिस्तूल देतो. मागच्या शनिवारी १३-११ झाली, आणि तो अजून म्हणतोय टीम बेकार होती.