‘गोषवारा’ केव्हा म्हणावे आणि तो कसा काढावा

‘गोषवारा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘गोश’ म्हणजे कान, आणि आपल्या ‘गोषवारा’चे मूळ रूप तिथे कानातल्या दागिन्यालाही वापरतात, दफ्तरात मात्र ते हिशेबाच्या संक्षिप्त तक्त्याचे नाव झाले आणि मराठीने हाच दुसरा अर्थ उचलला. या हिशेबी जन्मामुळेच तो ‘सारांश’ या शब्दाहून वेगळा ठरतो, आणि हा वेगळेपणा जपला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

सारांशात आशय टिकला म्हणजे पुरते. कथेचा सारांश सांगताना एखादे पात्र गाळले तरी बिघडत नाही. गोषवाऱ्यात तशी मोकळीक नसते, कारण त्यातली प्रत्येक बाब मूळ कागदात बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. तात्पर्य तर याहून निराळे: ते म्हणजे मूळ मजकूर वाचून काढलेला बोध.

गोषवारा काढताना आधी मूळ कागद पूर्ण वाचून त्यातल्या बाबींची शीर्षके ठरवावीत आणि प्रत्येक नोंद कोणत्या तरी एकाच शीर्षकाखाली घालावी, म्हणजे ती दोनदा मोजली जात नाही. समजा, गृहनिर्माण संस्थेची वर्षारंभीची शिल्लक 40,000 रुपये, वर्षाची जमा 4,80,000 आणि खर्च 4,55,000 असेल, तर अखेरची शिल्लक 65,000 यायला हवी आणि हाच आकडा वहीतही असायला हवा. तो जुळत नसेल तर गोषवाऱ्यात दुरुस्ती करून भागत नाही, तर वहीतल्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतात. शीर्षकासमोर वहीचा पृष्ठक्रमांक दिला तर वाचणाऱ्याचा शोध वाचतो.

शोधनिबंधाच्या आरंभी येणाऱ्या गोषवाऱ्यालाही हाच दंडक लागू आहे. प्रश्न, पद्धत, निष्कर्ष एवढे त्यात यावे, आणि निबंधात नसलेला दावा एकही येऊ नये. हा गोषवारा निबंध पूर्ण झाल्यावरच लिहावा.

हा शब्द पुल्लिंगी आहे. गोषवारा ‘काढतात’, ‘मांडतात’ किंवा ‘देतात’. लिहिताना ‘ष’ पोटफोड्या ठेवावा, आणि विभक्तीचा प्रत्यय लागला की ‘गोषवाऱ्यात’, ‘गोषवाऱ्याचा’ असे लिहावे. ‘गोषवार्यात’ हे चूक.